वॉकर, फुलर, टकर : एका धंद्याची तीन आडनावे

वॉकर हे इंग्लंडमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या पंचवीस आडनावांपैकी एक. त्यातले चालणे मात्र रस्त्यावरचे नव्हे. ते एकाच जागी, हौदात, लोकरीच्या ओल्या कापडावर चाले. मागावरून उतरलेले लोकरी कापड विरविरीत आणि तेलकट असते. मेंढीच्या अंगची चरबी निघून धागे एकमेकांत घट्ट रुतले, तरच ते ऊब देते आणि टिकते. त्यासाठी पाणी, शिळे मूत्र आणि चिकण जातीची एक माती घालून कापड तासन्‌तास पायांनी तुडवत. मुरलेल्या मूत्रातल्या अमोनियाने चरबी सुटे, माती ती शोषून घेई आणि सततच्या दाबाने कापड आटून दाट होई. ही माती भारतात चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीच्याच जातीची; इंग्लंडात ती सरे आणि बेडफर्डशर या परगण्यांत खणून काढत. तुडवलेले कापड शेवटी लाकडी चौकटींवर आकड्यांत अडकवून ताणत आणि वाळवत.

काम सगळीकडे सारखेच, पण ते करणाऱ्याला प्रांतोप्रांती वेगळी हाक होती. उत्तरेत आणि मिडलंड्सच्या पश्चिम भागात तो वॉकर. घोळणे, लोळवणे अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून हे नाव पडले. चालण्याचा अर्थ त्या क्रियापदाला पुढे चिकटला. आग्नेय आणि पूर्व भागात फुलर रूढ होते. त्याचे मूळ लॅटिन असून नॉर्मन फ्रेंचमुळे त्याला बळ मिळाले. डेव्हन, सॉमरसेट या नैर्ऋत्येकडच्या परगण्यांत हाच माणूस टकर, म्हणजे मुळात छळणारा. कापडाचे जे हाल होत ते पाहता नाव अगदीच गैरलागू नव्हते. डेव्हनमधल्या एक्झिटरमध्ये विणकर, फुलर आणि कापड कातरणारे यांच्या संघाने १४७१ मध्ये बांधलेली वास्तू आजही उभी आहे. संघाच्या अधिकृत नावात फुलर आहे, पण गाव तिला टकर्स हॉल म्हणते. बोलींच्या या सीमा आडनावांत शतकानुशतके टिकल्या. हेन्री गपी यांनी १८९० मध्ये आडनावांच्या मूळ प्रदेशांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी मोजदाद केली ती शेतकऱ्यांची, कारण गाव सोडून जाण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वांत कमी.

इंग्लंडात वंशपरंपरागत आडनावे प्रथम नॉर्मन सरदारांनी घेतली, तीही बहुधा जमिनीच्या नावावरून. सामान्य माणसाच्या नावामागे धंदा, गाव किंवा बापाचे नाव कायमचे चिकटायला साधारण चौदावे शतक उजाडले. उत्तरेत तर त्याहून उशीर झाला. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्यांतून ही घडण दिसते. यॉर्कशरच्या १३७९ च्या यादीत अनेकांच्या नावापुढे धंदा वेगळा नोंदलेला आहे. जिथे आडनाव आणि धंदा जुळत नाहीत, तिथे आडनाव वारशाने येऊ लागले होते, असे धरता येते.

गंमत अशी की, वॉकर हे आडनाव पक्के होत होते त्याच काळात पायाने तुडवणे मागे पडत होते. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाच्या मालमत्तेच्या ११८५ च्या नोंदींत कापड कुटणाऱ्या पाणचक्क्यांचा उल्लेख येतो. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरे, त्याबरोबर लाकडी घण उचलले जात आणि कापडावर आदळत. म्हणजे आडनाव म्हणून वॉकर लावणाऱ्या पहिल्या पिढ्यांतल्या कित्येकांनी कापडाला पाय लावलाही नसेल. या चक्क्यांना वेगवान ओढे हवेत, म्हणून कापडधंदा जुन्या शहरांतून डोंगराळ खोऱ्यांत गेला, असे एलिनोरा कॅरस-विल्सन यांनी १९४१ च्या निबंधात मांडले आणि त्याला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटले. नंतरच्या इतिहासकारांना हा दावा ताणलेला वाटतो, आणि तो आहेही. शहरांच्या पडझडीला इतरही कारणे होती. चक्क्यांचा प्रसार मात्र निर्विवाद आहे. लँकेशरमधील हेल्मशोअरची अशीच एक गिरणी विसाव्या शतकातही चालू होती. आता तिथे संग्रहालय आहे.

प्रत्येक वॉकर कापडवाल्यांच्याच वंशातला, असेही नाही. न्यूकॅसलजवळ, रोमन तटबंदीच्या कडेला वॉकर नावाचे गाव आहे आणि काही घराण्यांचे नाव तिथून आले. जंगलात गस्त घालणाऱ्या रखवालदाराशीही हे नाव कोणी जोडतात. त्याला फारसा आधार नाही. स्कॉटलंडात 'कापड तुडवणाऱ्याचा मुलगा' अशा अर्थाच्या गेलिक आडनावाचे इंग्रजी रूप म्हणून वॉकर आले. किल्मार्नॉकचा वाणी जॉन वॉकर याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या व्हिस्कीवर १९०८ पासून ढांगा टाकत जाणारा माणूस दिसतो. चित्रकार टॉम ब्राउन याने तो काढला आणि आडनावाचा चुकीचा अर्थ जगभर नेला. अमेरिकेत हे नाव स्थलांतरितांबरोबर पोहोचले आणि पुढे कृष्णवर्णीयांमध्येही पसरले. केसांच्या प्रसाधनांतून उद्योग उभारणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर यांना ते पतीकडून मिळाले होते.