पंचवीस जॉर्ज काऊई

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, मोरे फर्थच्या काठाला, बकी हे मासेमारांचं जुनं गाव. 1842 साली ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात छापून आलं की एकट्या बकीत जॉर्ज काऊई नावाचे 25 जण आहेत. पणजोबा शोधायला आलेला माणूस इथे पहिल्याच पानावर गटांगळ्या खातो.

थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, ही तिकडची रीत. आपल्याकडेही आजोबा नातवात परत येतातच. पण चार भावांनी ती रीत पाळली की एकाच नावाचे चार चुलतभाऊ तयार! त्यात सोयरीक मासेमारांच्याच घरांत. त्यामागे कुळाचा अभिमान कमी आणि धंद्याचं गणित जास्त. एका दोरीला हजार-बाराशे गळ, आणि त्या प्रत्येकाला शिंपल्यातलं मांस टोचायचं काम बायकांचं. पहाटे नवऱ्याचे पाय भिजू नयेत म्हणून त्याला पाठुंगळी घेऊन थंडगार पाण्यातून होडीपर्यंत पोचवायचंही त्यांनीच. शेतकऱ्याची लेक या घरात टिकायची कशी?

मग गावानेच तोड काढली: ‘टी-नेम’, म्हणजे टोपणनाव. काऊईंपैकी एक ‘गाजर’, एक ‘सलगम’. त्याच मासिकात एक किस्सा आहे. परका माणूस एका मुलीला अलेक्झांडर व्हाइटचं घर विचारतो. कुठला व्हाइट? उंच, धिप्पाड, तिरळा. तेव्हा कुठे तिची ट्यूब पेटते. याला ‘आभाळबघ्या’ हवाय तर! मग खऱ्या नावाने का नाही विचारलं, म्हणून ती उलट त्यालाच झापते.

ही नावं बापाकडून मुलाकडे जात आणि सरकारी नोंदींतही चढत.

वंशावळ शोधणाऱ्याचा दुसरा आधार म्हणजे आईचं माहेर. स्कॉटलंडमध्ये 1855 पासून जन्म-मृत्यूची नोंदणी सक्तीची झाली आणि दाखल्यावर आईचं माहेरचं आडनावही येऊ लागलं. पहिल्या वर्षी तर इतके रकाने होते की नोंद करणारे जेरीस आले. 1856 मध्ये त्यातले बरेच गाळले. पूर्वज नेमका 1855 सालात जन्मला असेल, तर लॉटरीच. त्याआधीचा शोध चर्चच्या वह्यांत आणि 1841 च्या खानेसुमारीत.

आणि आईचं माहेरही काऊईच निघालं तर? बकीत ते नवलाचं नाही. मग पुन्हा विचारायचं: गाजर काऊई की सलगम काऊई?