उज्जैनहून दीवला : सावकाश सहलीचा बेत आणि माळव्याशी जुळलेला धागा

मंडळाच्या मागच्या बैठकीत हिवाळी सहलीचा विषय निघाला. बैठक संपल्यावर नेहमीप्रमाणे सगळे टावर चौकात आले आणि खरी चर्चा तिथेच झाली. एका काकांनी पाच दिवसांचा बेत मांडला: सोमनाथ, गीर, द्वारका, पोरबंदर आणि जाता जाता अर्धा दिवस दीव. ऐकायला झकास आहे. पण आपल्यातले निम्मे लोक साठीच्या पुढचे, दोघांचे गुडघे बोलतात, आणि गाडीतून उतरून फोटो काढून परत गाडीत बसणं म्हणजे सहल नव्हे. म्हणून मी उलट सुचवलं. सोमनाथचं दर्शन घ्यावं आणि मग दीवला चांगले दोन मुक्काम करावेत. बाकीचं पुढच्या वर्षी. त्यावर एक वहिनी म्हणाल्या, "अहो, पण दीवला आपलं काय आहे?" प्रश्न रास्त आहे. हा निबंध त्याचंच उत्तर आहे.

दीव म्हणजे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, खाडीनं जमिनीपासून तोडलेलं एक चिंचोळं बेट. पूर्वेच्या टोकाला किल्ला, पश्चिमेच्या टोकाला वणाकबारा हे कोळ्यांचं गाव. रिक्षानं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला फार वेळ लागत नाही. इतक्या लहान जागेसाठी गुजरातचे सुलतान, इजिप्तचे मामलूक, तुर्क आणि पोर्तुगीज लढले, कारण खंभातच्या आखातात शिरणाऱ्या व्यापारी जहाजांवर इथून नजर ठेवता येत असे. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या समोर पोर्तुगीज विसुरेई आल्मेदा यानं मामलूक आणि गुजराती आरमाराचा पराभव केला. त्या वेळी दीवचा कारभार मलिक अयाझ या गुजरातच्या सुलतानाच्या सुभेदाराकडे होता. लढाई हरूनही त्यानं बेट काही पोर्तुगीजांच्या हाती जाऊ दिलं नाही. पुढची पंचवीस वर्षं पोर्तुगीज दीवसाठी धडका मारत राहिले.

मग ते त्यांना मिळालं कसं? इथे आपला माळवा येतो.

१५३१ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह यानं मांडू घेतलं आणि माळव्याची खिलजी सत्ता संपवली. पाठोपाठ रायसेन आणि उज्जैनही त्याच्या हाताखाली आलं. मांडूपासून दीवपर्यंत एकच धनी, असा तो थोडा काळ होता. पण माळवा घेतला की दिल्लीशी गाठ पडतेच. हुमायून चालून येणार हे दिसू लागल्यावर बहादूरशाहला समुद्राच्या बाजूनं तरी शांतता हवी होती. म्हणून डिसेंबर १५३४ मध्ये त्यानं पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई, तिच्या ताब्यातल्या मुलखासह, त्यांना देऊन टाकली. मुंबईची बेटंही त्यातच गेली.

पुढच्याच वर्षी मंदसौरजवळ हुमायून आणि बहादूरशाह यांच्या छावण्या समोरासमोर पडल्या. मोगलांनी रसद तोडली. बहादूरशाहकडे मोठा तोफखाना होता, पण छावणीत उपासमार सुरू झाल्यावर तोफांचा उपयोग काय? एप्रिल १५३५ मध्ये तो रात्रीतून निसटला. आधी मांडू, तिथून चांपानेर, मग खंभात आणि शेवटी दीव. पाठीवर मोगल आणि पुढे समुद्र. अशा अवस्थेत त्यानं पोर्तुगीजांना दीवमध्ये किल्ला बांधायची परवानगी दिली. पंचवीस वर्षांत आरमाराला जे साधलं नव्हतं, ते मंदसौरच्या वेढ्यानं काही महिन्यांत साधून दिलं.

हुमायून परत फिरल्यावर बहादूरशाहला आपण काय देऊन बसलो ते कळलं. पण फेब्रुवारी १५३७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या याच्या जहाजावर भेटीला जाऊन परतताना झटापट झाली आणि दीवच्या पाण्यातच सुलतानाचा शेवट झाला. मांडू जिंकणारा माणूस या बेटाच्या धक्क्याजवळ बुडाला. किल्ल्याच्या तटावर उभं राहून ते पाणी बघताना एवढं आठवलं तरी "आपलं काय आहे" याचं अर्धं उत्तर मिळतं.

उरलेलं अर्धं उत्तर वसईत आहे. १५३४ च्या तहात गेलेली वसई परत मिळवायला दोनशे वर्षं लागली. चिमाजीअप्पांच्या त्या मोहिमेत राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर होते, आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. हे तेच राणोजी, ज्यांनी उज्जैनला आपलं ठाणं केलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळाच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आपल्यापैकी बऱ्याच घराण्यांचे पूर्वज त्याच लोंढ्याबरोबर दक्षिणेतून इकडे आले. वसईच्या विजयाची गोष्ट आपल्या घरांत पोरासोरांना माहीत असते. पण वसई गेली का, हे विचारलं तर कोणी मंदसौरचं नाव घेत नाही. मुंबईची बेटं पुढे १६६१ च्या विवाह-करारानं इंग्रजांकडे गेली. म्हणजे त्या गोष्टीचंही एक मूळ माळव्याच्या भांडणात आहे. आपण स्वतःला माळव्याचे मराठी म्हणवतो, तर हा धागा आपल्या हातात असायला हवा. तो पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही, जागेवर जाऊन राहतो. दोन मुक्कामांचा हट्ट त्यासाठी आहे.

आता प्रत्यक्ष बेत. जबलपूरहून वेरावळकडे जाणारी गाडी उज्जैनवरून जाते. वेरावळला उतरलं की सोमनाथ अगदी जवळ. पहिला दिवस तिथेच. मोठं मंदिर आहेच, त्याची प्राणप्रतिष्ठा ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. पण त्याच्या शेजारचं, अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेलं देऊळ चुकवू नका. मोठं देऊळ उभं नव्हतं त्या काळात पूजा तिथे चालत होती. आपल्या गोपाळ मंदिरातले रुपेरी दरवाजे सोमनाथहून गझनीला गेले आणि महादजींनी ते लाहोरहून परत आणले, अशी उज्जैनची परंपरा सांगते. ती परंपरा म्हणूनच धरावी, पुरावा म्हणून नव्हे. पण जायच्या आदल्या दिवशी गोपाळ मंदिरात जाऊन दरवाजे एकदा नीट बघून यायला हरकत नाही.

सोमनाथहून दीव कोडिनार आणि ऊनामार्गे, मोटारीनं निवांत दोन-अडीच तास. दुपारी जेवून निघालं की उन्हं उतरायच्या आत पोचतो. त्या संध्याकाळी काही बघायचं नाही. समुद्रावर बसायचं.

दुसरा दिवस किल्ल्याचा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. खंदक, जुन्या तोफा, दीपगृह आणि समोर पाण्यात उभा असलेला पाणीकोठा. इथे दोन वेढे आठवायचे. १५३८ मध्ये खोजा सफर आणि तुर्कांचा सुलेमान पाशा यांनी घातलेला पहिला. दुसरा १५४६ चा, एप्रिल ते नोव्हेंबर असा चाललेला. दुसऱ्या वेढ्याचा काळ नीट लक्षात घ्या. मधे अख्खा पावसाळा होता. त्या दिवसांत समुद्र खवळलेला, गोव्याहून मोठी कुमक येणं अवघड. आपण सहलीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडतो ते ज्या वाऱ्यामुळे, त्याच वाऱ्याच्या हिशोबावर तो वेढा चालला होता. पाऊस संपला, गोव्याहून जुआँ द कास्त्रो आरमार घेऊन आला आणि वेढा मोडला.

या कास्त्रोची एक गोष्ट आपल्या लोकांना आवडेल. ढासळलेला किल्ला पुन्हा बांधायला पैसा नव्हता. वेढ्यात मारला गेलेल्या मुलाच्या अस्थी तारण ठेवाव्यात असं त्याच्या मनात होतं, पण ते शक्य नव्हतं. तेव्हा त्यानं आपल्या दाढीचे केस गोव्याच्या नगरसभेकडे गहाण म्हणून पाठवले आणि कर्ज मागितलं. मिशीचा केस गहाण ठेवण्याच्या गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत. तटाच्या सावलीत बसून ही गोष्ट सांगायला कोणीतरी तयार राहावं.

दुपारी झोप. संध्याकाळी गावातून पायी: झांपा दरवाजा, अरुंद गल्ल्या, संत पॉलचं चर्च. दीवच्या वाण्यांचा व्यापार थेट मोझांबिकपर्यंत चालत असे. गावातली जुनी घरं बघताना तेही ध्यानात असू द्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नायडा गुंफा, फुदमचं गंगेश्वर, जिथे पाच शिवलिंगांवर समुद्राच्या लाटा येतात, आणि नागवा किनाऱ्यावरची होका झाडं, म्हणजे फांद्या फुटलेले ताड. शेवटी खुकरी स्मारक. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीनं 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. इथे घाई करू नये.

एक अडचण मोकळेपणानं मांडतो, कारण ती बैठकीत कुजबुजत का होईना निघालीच. दीव म्हटलं की अनेकांना आधी बाटली आठवते. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही, म्हणून शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या सुटीत तिथे वेगळीच जत्रा भरते. उपाय सोपा आहे. सोमवार ते गुरुवार जायचं. आणि परतताना कोणाच्या पिशवीत काही नको, कारण सीमा ओलांडली की तो गुन्हा होतो.

दीव १९ डिसेंबर १९६१ रोजी मोकळं झालं, गोवा आणि दमणबरोबर. पुढे १९८७ पर्यंत त्याचा कारभार पणजीहूनच चालत असे. मंदसौरच्या पळापळीत दिलेली परवानगी सव्वाचारशे वर्षं टिकली, एवढाच त्याचा हिशोब.

तेव्हा वहिनींच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: दीवला आपलं देऊळ नाही, आपला वाडा नाही, पण आपल्या मुलखात झालेल्या एका चुकीची किंमत तिथे दगडात उभी आहे. पुढच्या बैठकीत नावं घेऊ. येणाऱ्या प्रत्येकानं एक जागा निवडावी आणि तिथे उभं राहून दहा मिनिटं सांगता येईल एवढं वाचून यावं. बहादूरशाह मी घेतो. दाढीचे केस आणि अहिल्याबाईंचं देऊळ अजून मोकळे आहेत.