टेलिफोनचें सोवळें

उष्ट्याची कल्पना आपल्या घरांत इतकी मुरलेली आहे कीं ती मुद्दाम शिकवावी लागत नाहीं. वडील माणसें तांब्यास ओठ न लावतां वरून पाणी पितात हें पाहून मूल तसेंच करूं लागतें, आणि कोणाच्या ताटांतील घास दुसऱ्याच्या ताटांत पडला तर घरांतील वृद्धा डोळे वटारते. अशा या समाजांत कालांतरानें एक असें यंत्र येऊन दाखल झालें कीं ज्याच्या तोंडाशीं ओळखीच्या आणि अनोळखी अशा सर्वांनींच पाळीपाळीनें आपलें तोंड न्यावयाचें होतें. तें यंत्र म्हणजे टेलिफोन. आश्चर्याची गोष्ट ही कीं त्याच्या उष्टेपणाची धास्ती आपल्यापेक्षां पाश्चात्त्यांनींच अधिक घेतली, आणि तें सोवळ्यांत ठेवण्यासाठीं नानाविध युक्त्या शोधून काढल्या. त्या युक्त्यांचा इतिहास लहानसा आहे. परंतु रोगाची भीति आणि रोगाचें ज्ञान या दोन गोष्टी किती भिन्न आहेत हें त्यावरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें मोठमोठ्या इतिहासांवरूनही क्वचितच दिसेल.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यास टेलिफोनचें पेटंट १८७६ सालीं मिळालें. त्याच्या मूळ यंत्रांत आवाज फार क्षीण येई. पुढें एडिसन आदि संशोधकांनीं बोलण्याच्या भागांत कोळशाचा उपयोग केला. आवाजाच्या लाटांनीं कोळसा कमीअधिक दाबला जातो, त्यानें विजेच्या प्रवाहास होणारा अडथळा कमीअधिक होतो, आणि आवाज तारेवरून बराच जोमानें जातो. तथापि त्या काळच्या यंत्रांत बोलणारानें आपलें तोंड भोंग्याच्या अगदीं जवळ न्यावें लागे. श्वासाचा दमटपणा आणि थुंकीचे तुषार एबोनाईटच्या त्या काळ्या भोंग्यावर बसत; आणि एकाचें बोलणें संपतांच दुसरा त्याच जागीं आपलें तोंड नेई.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. १८८२ च्या जानेवारी महिन्यांत कलकत्त्यास टेलिफोनचें पहिलें केंद्र उघडलें, आणि मुंबईसही त्याच सालीं टेलिफोन सुरू झाला. त्याच वर्षाच्या मार्च महिन्याच्या २४ तारखेस बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यानें क्षयाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें. ज्या वर्षीं आपल्या देशांत दूरच्या माणसाशीं बोलण्याची सोय झाली, त्याच वर्षीं जवळच्या माणसाच्या खोकल्यांत काय दडलें आहे हें जगास कळलें. क्षय हा आनुवंशिक आहे किंवा केवळ दुर्बळ प्रकृतीचा दोष आहे असें मानणाऱ्या लोकांस आतां त्याचा शत्रु डोळ्यांपुढें दिसूं लागला. तो थुंकींत असतो हें समजल्यावर, ज्या वस्तूवर थुंकी उडते ती प्रत्येक वस्तु संशयास पात्र झाली, आणि सार्वजनिक टेलिफोनचा भोंगा या संशयितांच्या यादींत अग्रभागीं येऊन बसला.

मग कल्पक मंडळी कामास लागली. कोणी एबोनाईटच्या ऐवजीं कांचेचा किंवा चिनी मातीचा भोंगा केला. तो काढून उकळत्या पाण्यांत घालतां येई. कोणी भोंग्यावर कागदाची चकती बसविली. एकाचें बोलणें झालें कीं ती फाडून टाकावयाची. कोणी कागदाची गुंडाळी बसवून प्रत्येक वेळीं नवा तुकडा पुढें सरकण्याची योजना केली. कोणी जंतुनाशक द्रव्यांत भिजविलेली गादी झांकणांत बसविली, म्हणजे यंत्र निजलें असतांना त्याचें आपोआप स्नान व्हावें! अशा युक्त्यांचीं अनेक पेटंटें घेतलीं गेलीं. लंडनमध्यें तर फोनोटास नांवाच्या कंपनीनें या कामाचा धंदाच केला. तिच्या नोकरींतील मुली ठरलेल्या दिवशीं कचेऱ्यांतून फिरत आणि टेलिफोन पुसून, जंतुनाशकानें स्वच्छ करून जात.

या सर्व युक्त्यांत एक वैगुण्य होतें. कांचेचा भोंगा धुतां येतो खरा. पण दोन बोलणारांच्या मधल्या क्षणांत तो धुणार कोण? कागदाची चकती बदलण्याची तसदी घ्यावयाची ती पुढच्या माणसासाठीं. आणि पुढचा माणूस तर अनोळखी. भिजविलेली गादी दोन दिवसांत सुकावयाची. यंत्राची स्वच्छता अखेर कोणाच्या तरी हातांवर आणि कोणाच्या तरी विवेकावर अवलंबून राहिली. ती यंत्राच्या अंगीं मुरवितां आली नाहीं.

परंतु मूळ प्रश्न याहून निराळा होता. टेलिफोनच्या भोंग्यापासून क्षय खरोखर होतो काय? १९०८ च्या सुमारास लंडनमधील एका आरोग्याधिकाऱ्यानें सार्वजनिक टेलिफोनच्या भोंग्यावर क्षयाचे जंतु मिळाल्याचें प्रसिद्ध केलें, तेव्हां मोठीच खळबळ उडाली. १९१२ च्या आरंभीं ब्रिटनमधील बहुतेक सर्व टेलिफोन सरकारी पोस्टखात्याच्या ताब्यांत आले. अर्थात् त्यांच्या स्वच्छतेचा जाबही सरकारावर आला. तेव्हां डॉ. स्पिटा या जंतुशास्त्रज्ञाकडे चौकशीचें काम सोंपविण्यांत आलें. त्यानें केलेली परीक्षा सोपी पण निर्णायक होती. क्षयरोग्यांच्या उपयोगांत असलेले टेलिफोन मुद्दाम न पुसतां ठेवावयाचे, त्यांचे भोंगे मग धुवावयाचे, आणि तें धुवण गिनीपिगांस टोंचावयाचें. गिनीपिग हा प्राणी क्षयास फार लवकर बळी पडतो. तथापि या धुवणानें त्यांस क्षय झाला नाहीं. टेलिफोनच्या भोंग्यानें क्षय पसरणें व्यवहारतः अशक्य आहे, असा निर्वाळा स्पिटानें दिला.

निर्वाळा मिळाला, पण भीति गेली नाहीं. युक्त्यांचीं पेटंटें निघतच राहिलीं. ज्या वस्तूस हात लागतो तीच दोषी ठरविणें मनास सोपें जातें. याचा कडू अनुभव मुंबईकरांस त्यापूर्वींच आला होता. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां घरेंच्या घरें जंतुनाशकानें धुऊन काढलीं गेलीं, भिंतींस चुना फांसला गेला, लोकांचें सामान रस्त्यावर आलें, कांहींचें जाळलेंही गेलें. १८९८ सालीं कराची येथें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें प्रयोगानें दाखविलें कीं प्लेग उंदराच्या पिसवेमार्फत पसरतो. तें मान्य व्हावयास पुढें कित्येक वर्षें गेलीं. भिंती धुतल्या जात होत्या आणि पिसवा आपलें काम करीत होत्या.

क्षयाच्या बाबतींत ही पिसू कोणती, हें कळावयास आणखी अर्धें शतक लागलें. खोकतांना, बोलतांना उडालेले अत्यंत सूक्ष्म तुषार हवेंतच सुकतात आणि त्यांचे कण तासन्‌तास तरंगत राहतात, असें विल्यम वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३४ सालीं प्रतिपादन केलें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत त्यानें आणि रायली यानें बाल्टिमोर येथील एका रुग्णालयांत याची परीक्षा पाहिली. क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा नळांनीं वरच्या मजल्यावर नेऊन ती गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. त्यांनीं रोग्यास पाहिलें नव्हतें, त्याच्या कोणत्याही वस्तूस शिवलें नव्हतें. तरी त्यांतील कित्येकांस क्षय झाला. त्याच हवेवर अतिनील किरण टाकून ती ज्या गिनीपिगांस दिली ते मात्र सुरक्षित राहिले. लंडनच्या गिनीपिगांस भोंग्याच्या धुवणानें कांहीं झालें नाहीं, बाल्टिमोरच्या गिनीपिगांस नुसत्या हवेनें रोग जडला. हे दोन प्रयोग शेजारीं ठेवले म्हणजे सर्व कथा उलगडते. टेलिफोनच्या बंद खोलींत भय असेलच तर तें दार लावून कोंडलेल्या हवेचें होतें, आणि माणसें मात्र रुमालानें भोंगा पुसून, दार घट्ट लावून बोलत होतीं.

मग या सर्व युक्त्या व्यर्थ म्हणावयाच्या काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. सर्वच रोग हवेनें जात नाहींत. पोटाचे आणि त्वचेचे कित्येक विकार हातावाटे पसरतात, आणि रुग्णालयांत तर अनेकांच्या हातीं जाणारी कोणतीही वस्तु स्वच्छ ठेवणें अगत्याचें असतें. डग्लस ॲडम्स या इंग्रज विनोदी लेखकाच्या १९७८ सालच्या एका नभोनाट्यमालेंत एक मार्मिक कथा आहे. एका ग्रहावरील लोकांनीं टेलिफोन पुसणारांस निरुपयोगी ठरवून दूर धाडून दिलें, आणि मागें राहिलेले सर्व लोक एका घाणेरड्या टेलिफोनपासून उद्भवलेल्या सांथींत मेले! पुसणाराचें काम लहान असतें म्हणून तें निरर्थक असतें असें नव्हे.

खरा धोका निराळाच आहे. वस्तु स्वच्छ ठेवण्याच्या इच्छेचें रूपांतर माणसास दूर ठेवण्याच्या इच्छेंत व्हावयास वेळ लागत नाहीं. याचें उदाहरण शोधण्यास आपणांस विलायतेस जावयास नको. महाडचें चवदार तळें नगरपालिकेनें सर्वांस खुलें केल्याचा ठराव १९२४ सालीं झाला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी त्याचें पाणी प्याले, तेव्हां सनातन्यांनीं शेणागोमुत्राच्या घागरी ओतून तें ‘शुद्ध’ करून घेतलें. गुरेंढोरें ज्यांत पाणी पीत, तें पाणी माणसाच्या ओंजळीनें बाटलें! या शुद्धींत जंतूंचा विचार लेशमात्र नव्हता. होता तो केवळ माणसाचा तिटकारा. आरोग्याची स्वच्छता विचारते कीं वस्तूवर काय आहे. सोवळ्याची स्वच्छता विचारते कीं वस्तूस कोण शिवलें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर साबण आणि सूक्ष्मदर्शक देऊं शकतात. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार कोणासच नाहीं. टेलिफोनचें मोठेपण हें कीं त्यानें हा दुसरा प्रश्न विचारला नाहीं. खांचेंत नाणें टाकणारा कोण, हें त्या यंत्रास कळत नसे.

ही गोष्ट शहरापेक्षां खेड्यांत अधिक उमगते. धाराशिव जिल्ह्यांतील तेरणाकांठचें माकणी घ्या. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि स्वातंत्र्यानंतरही अशा गांवांस टेलिफोन ही फार दिवस दुसऱ्या गांवची वस्तु होती. १९८४ सालीं दिल्लीस सी-डॉट ही संस्था निघाली. तिनें खेड्यांतील धूळ आणि ऊन सोसणारें, थंड खोलीवांचून चालणारें लहान केंद्र तयार केलें. त्यांतील पहिलें १९८६ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील कित्तूर येथें बसलें. १९९४ च्या दूरसंचार धोरणानें प्रत्येक गांवीं निदान एक टेलिफोन देण्याचें ध्येय ठेविलें. सबंध गांवास एकच टेलिफोन असला म्हणजे तो शेंकडों मुखांचा सामायिक भोंगा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांस भूकंपानें हादरविलें, हजारों माणसें ढिगाऱ्याखालीं गेलीं, आणि माकणीचा परिसर त्या आपत्तीच्या अगदीं जवळ होता. अशा घडीस ज्याचा आप्त दूर आहे त्यास मिळेल तो टेलिफोन हवा असतो. त्याच्या आधीं तेथें कोणाचें तोंड लागलें होतें, हें कोण पाहतो? सामायिक वस्तूचें मोल उणीव असते तेथेंच कळतें.

आतां प्रत्येकाचा टेलिफोन प्रत्येकाच्या खिशांत गेला, तेव्हां हा प्रश्न मिटला असें कोणास वाटेल. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांतील संशोधकांनीं २७ मोबाईलच्या पडद्यांवरून ५१५ जीवाणु आणि २८ बुरशी मिळविल्या. त्यांतील कांहीं जाती तर शास्त्रास अगदींच नवीन होत्या. एका जीवाणूचें ‘लायसिनिबॅसिलस टेलिफोनिकस’ असें बारसें २०१७ सालीं झालें. दीडशें वर्षें ज्या जंतूंच्या भयानें टेलिफोन पुसला गेला, त्यांतील एकास अखेर टेलिफोनचेंच नांव मिळालें, आणि तेंही पुण्यांत! मौज ही कीं या वसाहतींतील बहुतेक जीव आपल्या त्वचेवरचे निरुपद्रवी सोबती आहेत.

२०२० सालीं करोनाची सांथ आली, तेव्हां जुनी भीति नव्या वेषांत परतली. हैदराबादच्या संरक्षण-संशोधन केंद्रानें मोबाईल आणि नोटा अतिनील किरणांनीं शुद्ध करणारी पेटी तयार केली. पुण्याजवळील गिरीनगर येथील संरक्षण तंत्रविद्येच्या संस्थेनें पृष्ठभागावर शिंपडावयाचें ‘अनन्य’ नांवाचें द्रव्य काढलें. हीं कामें उपयुक्त होतीं. भाजी धुणें आणि दाराच्या कड्या पुसणें हेंही आपण सर्वांनीं केलें. परंतु १९१२ चा धडा १०९ वर्षांनीं पुन्हां गिरविला गेला. दूषित वस्तूस एकदां हात लागल्यानें हा रोग होण्याचा संभव सामान्यतः दहा हजारांत एकाहून कमी आहे, असें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें एप्रिल २०२१ मध्यें सांगितलें. भय पुन्हां मुख्यत्वें कोंडलेल्या हवेंतच होतें.

तेव्हां टेलिफोन अवश्य पुसावा. पुसण्यांत कमीपणा नाहीं, आणि पुसणाराचे उपकार मानावे. मात्र पुसण्यापूर्वीं खिडकी उघडावी. आणि ज्याच्या हातून तो आपल्या हातीं आला त्या माणसाबद्दल मनांत किळस आली तर ती टेलिफोनच्या पडद्यावर शोधूं नये. तेथें सांपडतील ते जंतु साबणानें जातात. ही किळस जावयास साबण पुरत नाहीं.