फलकाची चार छिद्रे

मुद्रित मंडलाचा इतिहास लिहिणारे तांब्याच्या रेषांविषयी भरभरून लिहितात. फलकाच्या कोपऱ्यांतील स्क्रूंसाठी सोडलेल्या छिद्रांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. सुरतेसारख्या मागांच्या शहरात ती घेणे भाग आहे. येथे नियंत्रणपेटीतला फलक स्वस्थ पडून राहत नाही. तो यंत्रमागाच्या अंगाशी जखडलेला, रात्रंदिवस थरथरत असतो.

ही छिद्रे मुळात आली कोठून? जुन्या झडपांच्या रेडिओत फलक नव्हताच. पत्र्याची चासी असे. रोहित्र, झडपांच्या बैठका, जड धारित्रे हे सारे तिच्यावर वेगवेगळ्या स्क्रूंनी वा रिव्हेटांनी बसवलेले, आणि तारा हातांनी डाखलेल्या. भार पत्र्यावर होता. व्हिएन्नात जन्मलेले पॉल आयस्लर (१९०७–१९९२) १९३६ साली इंग्लंडला गेले आणि तेथे त्यांनी मुद्रित मंडलाचा रेडिओ तयार केला. युद्धकाळात, १९४३ साली, त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला. पुढे युद्धोत्तर काळात हे तंत्र सर्वत्र पसरले, आणि त्याबरोबर एक उलथापालथ झाली, जिच्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. सुटे भाग आता चासीला न धरता फलकाला धरू लागले, आणि फलक चासीला धरला तो अवघ्या चार स्क्रूंनी. पूर्वी अनेक ठिकाणी वाटलेला भार चार छिद्रांवर येऊन पडला.

छिद्र केवढे असावे, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो; पण त्यातही इतिहास आहे. ब्रिटिश उपकरणांबरोबर आपल्याकडे ‘बी. ए.’ मालिकेचे स्क्रू आले. १८८४च्या या मालिकेचा पाया स्विस, म्हणजे मिलिमीटरचाच होता, ही मौजेची गोष्ट. तिच्यात क्रमांक वाढतो तसा स्क्रू बारीक होतो : ४ बी. ए. ३.६ मि.मी.चा, तर ६ बी. ए. २.८ मि.मी.चा. १९५६च्या कायद्याने भारताने दशमान पद्धती स्वीकारली आणि यथावकाश ३ मि.मी.चा ‘एम-३’ रूढ झाला. त्यासाठी प्रमाणित छिद्र ३.२ मि.मी.चे, थोडे सैल हवे असल्यास ३.४ मि.मी.चे. त्यात जुना ४ बी. ए. शिरत नाही आणि ६ बी. ए. खुळखुळतो. गंमत अशी, की त्याच फलकावरील सुट्या भागांच्या पायांची छिद्रे मात्र इंचाच्या दहाव्या भागाने, म्हणजे २.५४ मि.मी.च्या अंतराने, आखली जात राहिली. एकाच पाटीवर दोन मापपद्धती आजही नांदत आहेत.

याहून महत्त्वाचा प्रश्न छिद्र कोठे असावे हा. पाण्याच्या झोताने आडवा धागा नेणारा माग मिनिटाला पाचशे-सहाशे फेरे करतो, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा हिसके, आणि त्यांच्या पटीतली कंपने निराळी. फलकाची स्वतःची नैसर्गिक कंप्रता यांपैकी एखाद्या कंपनाशी जुळली, की अनुस्पंदन होते. फलकाचा मध्य वरखाली लवू लागतो आणि जड भागांच्या पायांशी डाखाचा सांधा हळूहळू तडकतो. आधारांमधील अंतर निम्मे केले, तर कंप्रता साधारण चौपट होते आणि तेवढ्याच हिसक्याला फलक सुमारे सोळाव्या हिश्श्याने वाकतो. म्हणून लांबट फलकाला चार कोपरे पुरत नाहीत. मधोमध, रोहित्रासारख्या जड भागाच्या निकट, पाचवे-सहावे छिद्र लागते. पण फार निकटही नको. स्क्रू आवळताना फलक तेथेच पिळला जातो आणि शेजारचे चिनी मातीचे नाजूक धारित्र तडकू शकते. शिवाय एम-३च्या वॉशरचा व्यास ७ मि.मी. भरतो, तेवढ्या वर्तुळात तांब्याची रेषा आली, तर वरचा रंगाचा थर खरवडून ती पेटीच्या पत्र्याला जोडली जाण्याचा धोका असतो.

आराखडा करणारा बहुधा सारे भाग मांडून झाल्यावर उरलेल्या जागेत छिद्रे टाकतो. ही सवय मला घातक वाटते. सांधा तडकला की माग थांबतो. आणि सुरतेच्या ‘खात्यां’त, मग कामगार खानदेशातून आलेला असो वा ओडिशातून, मजुरी बहुधा विणलेल्या मीटरवर मिळते. थांबलेल्या मागाचे मीटर मोजले जात नाहीत.

छिद्रांच्या जागा एकदा ठरल्या, की फलकापेक्षा दीर्घायुषी ठरतात. इंटेलने १९९५ साली संगणकाच्या मुख्य फलकासाठी एटीएक्स हे माप मांडले. व्हिया कंपनीने २००१ साली अवघ्या १७० मि.मी. चौरसाचा फलक आणला, तेव्हा त्याची चारही छिद्रे एटीएक्सच्याच जागांवर ठेवली. त्यामुळे तो जुन्या पेटीत निमूट बसला. उलट उदाहरण केंब्रिजच्या रास्पबेरी पायचे. फेब्रुवारी २०१२मध्ये तो आला तेव्हा त्याला स्क्रूसाठी एकही छिद्र नव्हते. त्याच वर्षी सुधारलेल्या आवृत्तीत दोन आली, आणि २०१४च्या ‘बी प्लस’मध्ये चार, ५८ × ४९ मि.मी.च्या आयतावर. २०२३च्या पाचव्या पिढीतही तो आयत कायम राहिला. मेंदू अनेकदा बदलला, पायाच्या खुणा त्याच.

मागावर बदली फलक येतो तेव्हा छिद्रे न जुळण्याचा प्रसंग येतोच. अशा वेळी फलकालाच गिरमिट लावण्याचा मोह होतो. दोन थरांच्या जुन्या फलकात, रेषा चुकवून, ते एक वेळ निभावत असे; बहुस्तरी फलकात आतल्या तांब्याच्या रेषा बाहेरून दिसत नाहीत. जाणता कारागीर नवे छिद्र पेटीच्या पत्र्यात पाडतो, आणि त्याआधी लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून फलक बाहेर काढून ठेवतो.