नहपानाची नाणी

पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या क्षहरात क्षत्रप नहपान याची चांदीची नाणी. नहपानाच्या काळाविषयी एकमत नाही. काही विद्वान तो इ. स. पहिल्या शतकात, तर काही दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी मानतात. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांत त्याचा अमात्य अयम याने मंडप व पाण्याची पोढी दान दिल्याचा, वर्ष ४६ चा शिलालेख आहे. त्यात नहपानास महाक्षत्रप म्हटले असून हा मुलूख त्याच्या अंमलाखाली होता, हे त्यावरून निश्चित होते. जुन्नरहून नाणेघाटाने कल्याण व सोपारा या बंदरांकडे व्यापार चाले. त्याच्या दक्षिणेस, आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथूनही कड्याखाली कोकणात वाट उतरते. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद या यवनांची दाने कोरलेली आहेत. परकी माणसे या भागास नवी नव्हती.

नहपानापूर्वी दख्खनमधील नाण्यांवर हत्ती, वृक्ष, डोंगर यांसारखी चिन्हे असत. राजाचा चेहरा नसे. नहपानाच्या नाण्याच्या दर्शनी बाजूस उजवीकडे तोंड केलेले राजमस्तक व भोवती ग्रीक लिपीतील लेख, तर मागील बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आढळतात. ग्रीक अक्षरांतील लेखाची भाषा मात्र प्राकृतच आहे. नाण्याचे वजन हिंदी-ग्रीक परंपरेतील, तर मस्तकाची घडण रोमन दिनारांची आठवण करून देणारी आहे.

नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये या नाण्यांचा सु. १३,२५० चा साठा सापडला. एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील चेहरे तरुण, वृद्ध, भरदार, कृश असे परस्परांहून इतके भिन्न आहेत, की ते एकाच पुरुषाचे म्हणणे अवघड. ते घराण्यातील निरनिराळ्या व्यक्तींचे असावेत, असाही तर्क झाला. परंतु लेख सर्वत्र नहपानाचाच आहे. चेहऱ्याच्या साम्यापेक्षा राजमस्तक असण्यालाच महत्त्व होते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे बायझंटिन सम्राट पहिला जस्टिनियन याने ५३८-३९ पासून तांब्याच्या फॉलिसवर समोरून दिसणारी, हाती क्रूसयुक्त गोल घेतलेली आपली प्रतिमा आणली. तेथेही एकाच ठशाचा चेहरा अनेक सम्राटांना चाले आणि ओळख नावावरून पटे.

या साठ्यातील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. क्षहरातांचा उच्छेद केल्याचे श्रेय नासिकच्या लेखात त्याला दिले आहे. ती नाणी त्याने वितळवली नाहीत. तीन कमानींचा डोंगर व उज्जयिनी चिन्ह नहपानाच्या मस्तकावरच उमटवले. कित्येक नाण्यांवर या चिन्हांखालून नाक, हनुवटी किंवा ग्रीक अक्षरे अद्याप डोकावतात. नाणे हातात घेणाऱ्या वाण्याला सत्तांतर कळण्यास दवंडीची गरज नव्हती.

तथापि राजप्रतिमेची प्रथा जेत्यांनीही उचलली. उत्तरकालीन सातवाहनांनी स्वतःची मस्तके असलेली चांदीची नाणी पाडली. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपारा येथील स्तूप उघडला, तेव्हा यज्ञ सातकर्णीचे असेच एक नाणे त्यात मिळाले.