आरशाची दांडी लांब का झाली?



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस पळतात. बऱ्याच ट्रॅक्टरना आरसाच नसतो. असला तरी त्यात उसाच्या मोळ्यांशिवाय काही दिसत नाही. मागून येणारा मोटारसायकलवाला ड्रायव्हरच्या हिशोबात नसतोच. म्हणून आज आरशाचा इतिहास लिहितोय. यातली एकेक गोष्ट आपल्या कामाची आहे.

गाडीवरच्या आरशाची सगळ्यात गाजलेली गोष्ट १९११ सालची. अमेरिकेत इंडियानापोलिसला ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. तेव्हा शर्यतीच्या गाडीत दोघं बसत, एक चालवायला आणि दुसरा मेकॅनिक. मागून कोण येतंय ते मेकॅनिक सांगायचा. रे हॅरून मात्र एकट्याच्या गाडीत उतरला. बाकीच्यांनी तक्रार केली, याला मागचं कसं दिसणार? त्यानं गाडीवर साधारण ८ बाय ३ इंचांचा आरसा बसवला, आणि तासाला सरासरी ७४.६ मैलांच्या (१२० किमी) वेगानं शर्यत जिंकलीही.

खरी गंमत पुढं आहे. तो रस्ता विटांचा होता. आरसा इतका हादरत होता की आपल्याला त्यात काहीच दिसलं नाही, असं हॅरूननंच नंतर सांगितलं. म्हणजे आरसा असणं वेगळं आणि आरशात दिसणं वेगळं!

पुढं १९२१ मध्ये एल्मर बर्जर यानं आरशाचं पेटंट घेतलं. विकताना त्याचा प्रचार काय, तर मागून येणारा पोलीस लवकर दिसतो. गिऱ्हाईक ओळखून माल विकणारा माणूस!

ओढकामाचा आरसा हे निराळं प्रकरण. अमेरिकेतला शेतकरी पिकअपला जनावरांचा ट्रेलर, गवताचे गठ्ठे, फिरतं घर असलं काहीही जोडतो. तिकडची मोठी पिकअप साधारण २ मीटर रुंद. १९८० च्या दशकात तिथल्या मोठ्या रस्त्यांवर ट्रक-ट्रेलरची मान्य रुंदी ९६ इंचांवरून १०२ इंच झाली, म्हणजे जवळजवळ २.६ मीटर. आता हिशोब करा. ट्रेलर दोन्ही बाजूंनी सुमारे ३०-३० सेंटिमीटर बाहेर येतो. आरसा त्या रेषेच्या आत राहिला तर त्यात ट्रेलरची पुढची भिंतच दिसणार. म्हणून आरसा ट्रेलरच्या कडेच्याही बाहेर काढावा लागला. तिकडच्या नियमात रुंदी मोजताना आरसे धरत नाहीत, त्यामुळं ते जमलं.

आधी लोकांनी आपापले जुगाड केले. कुणी मूळ आरशावर पट्ट्यानं जादा आरसा बांधला, कुणी ट्रकचे उभे आरसे नळीच्या चौकटीवर दाराला ठोकले. मग कंपन्या जाग्या झाल्या. फोर्डच्या १९९९ च्या सुपर ड्युटी पिकअपला हातानं बाहेर ओढायचे आरसे मिळू लागले, २००८ पासून तेच बटणावर आले. डॉज रॅमला फिरवून उभे करायचे आरसे आले. मग जुन्या गाडीवर नव्या मॉडेलचे आरसे चढवायचं वेड लागलं. त्यात दाराची भोकं जुळवणं आणि आरशातल्या इंडिकेटरचं वायरिंग हीच मोठी डोकेदुखी.

दांडी लांब केली की हॅरूनचं दुखणं परत येतं. एकाच टोकाला धरलेली लांब दांडी हादरते. म्हणून ट्रकचे उंच आरसे वर आणि खाली, दोन ठिकाणी धरलेले असतात.

काचेचंही तसंच. फुगीर काचेत जास्त भाग दिसतो, पण गाडी लहान आणि लांब वाटते. म्हणून अमेरिकेत ड्रायव्हरकडची काच सपाट लागते. दुसऱ्या बाजूला फुगीर चालते, पण वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे ही सूचना त्यावर लागते.

आता आपलं. मडगार्डला नळी वेल्ड करून आरसा बसवणार असाल तर माप रिकाम्या ट्रॉलीचं घेऊ नका. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतो, माप भरलेल्या ट्रॉलीचं घ्या. नळीला खालून तिरका आधार द्या. दांडी बिजागरीची ठेवा, म्हणजे अरुंद वाटेनं जाताना आत घडी घालता येईल. मग ड्रायव्हर सीटवर बसू दे आणि एकानं मागच्या ट्रॉलीच्या कोपऱ्याजवळ, थोडं बाहेर उभं राहावं. तो माणूस दोन्ही बाजूंना दिसला तरच आरसा लागला म्हणायचं.

एक लक्षात ठेवा, ट्रॉलीच्या बरोब्बर मागचं कुठल्याच आरशात दिसत नाही. तिथं रिफ्लेक्टर आणि चालू लाइटच पाहिजे.

कारखाना सुरू व्हायच्या आधी हे काम उरकून घ्या. तुमच्याकडं कुणी चांगली दांडी केली असेल तर फोटो टाका, माप लिहा. दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

#शेतनोंदी