गाजलं ते टिकलं नाही

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये आठ दिवसांच्या अंतराने दोन माणसं गेली. १८ तारखेला मुंबईत तबस्सुम, २६ तारखेला पुण्यात विक्रम गोखले. दोघंही पडद्यावरचे कलावंत. दोघांनीही दूरदर्शनवर समोर पाहुणा बसवून गप्पांचा कार्यक्रम केला. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ मुंबई दूरदर्शनवर १९७२ मध्ये सुरू झाला आणि १९९३ पर्यंत चालला. गोखल्यांचा ‘दुसरी बाजू’ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सह्याद्री वाहिनीवर आला.

आता फोनवर दोन्ही नावं शोधून बघा. ‘दुसरी बाजू’चे अख्खेच्या अख्खे भाग मिळतात. एकवीस वर्षं चाललेल्या ‘फूल खिले हैं’चे मात्र मोजकेच तुकडे हाताला लागतात. जास्त गाजलेला कार्यक्रम हरवला आणि त्यामानाने शांतपणे येऊन गेलेला टिकला, हे कसं काय?

आधी तो काळ थोडा समजून घेऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. एकच वाहिनी, तीही कृष्णधवल. रंग आले ते १९८२च्या आशियाई खेळांच्या वेळी. आमचं भिसेगाव कर्जत स्टेशनला लागून. वरळीच्या मनोऱ्यापासून सरळ रेषेत साधारण ५५ किलोमीटर, पण मध्ये माथेरान, प्रबळगड, इर्शाळगडाचे डोंगर आडवे. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, की एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून दुसरा ओरडायचा, “मुंग्या गेल्या, आता हलवू नकोस!” टीव्ही आळीत एखाद्याच घरी. त्यामुळे कार्यक्रम आवडो न आवडो, सगळे एकच बघायचे.

तबस्सुम त्या पडद्यावर आल्या तेव्हा लोकांना नवख्या नव्हत्या. चाळीसच्या दशकापासून ‘बेबी तबस्सुम’ म्हणून त्यांनी सिनेमांत कामं केली होती. ‘दीदार’मधली (१९५१) छोटी मुलगी त्याच. म्हणजे पाहुणा नट त्यांच्या घरचाच. प्रश्न विचारण्यापेक्षा ओळखीतल्या माणसाशी बोलावं तसं त्या हसत बोलायच्या. भारतातला पहिला टीव्ही टॉक शो म्हणून याच कार्यक्रमाचं नाव घेतलं जातं.

मराठीतही असंच होतं. विनायक चासकरांचा ‘गजरा’ म्हणजे छोटी प्रहसनं, विनोद, गमती एका धाग्यात ओवलेला कार्यक्रम. नावातच त्याची रचना आली. आज ‘चला हवा येऊ द्या’सारख्या कार्यक्रमात जे बघतो, त्याचं एक मूळ तिथे सापडतं. सुहासिनी मुळगावकरांच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’त लेखक-कलावंत बोलायचे. पुस्तकावर फक्त नाव वाचलेला माणूस हात कसे हलवतो, उत्तर देण्याआधी किती थांबतो, हे लोकांना पहिल्यांदा दिसलं.

यातलं बरंचसं गेलं, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. व्हिडिओ टेप म्हणजे चुंबकीय थर दिलेली पट्टी. आधीचं पुसून तिच्यावर नवं रेकॉर्ड करता येतं, हाच तिचा मोठा गुण. त्या काळी टेप महाग होती आणि साठवायला जागाही लागायची. कार्यक्रम एकदा दाखवून झाला की तीच टेप पुढच्या कार्यक्रमाला. जे थेट प्रक्षेपित व्हायचं, त्याची तर टेपच नसायची. हे दुष्टपणाने कुणी केलं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडेही ठरावीक दिवसांनी जुनी माहिती पुसायचे नियम असतात, कारण साठवणुकीचं बिल दर महिन्याला येतं आणि पुसायला जवळपास काहीच लागत नाही. टेप पुसणाऱ्यालाही समोर उद्याचं रेकॉर्डिंग दिसत होतं. पन्नास वर्षांनी फोनवर शोधणारे आपण दिसत नव्हतो.

श्रीमंत देशांतही हेच झालं. अमेरिकेत जॉनी कार्सन यांनी १९६२ पासून तीस वर्षं ‘द टुनाइट शो’ चालवला. देशातला सर्वांत प्रसिद्ध गप्पांचा कार्यक्रम. पण त्यांच्या पहिल्या दहा वर्षांतले बहुतेक भाग एनबीसीने पुसून टाकले. बीबीसीने पीटर कुक आणि डडली मूर या लोकप्रिय जोडीच्या विनोदी कार्यक्रमाचे कितीतरी भाग असेच घालवले. सिनेमाची रिळं पुन्हा पुन्हा दाखवून पैसे मिळत, म्हणून त्यातली काही तरी जपली गेली. गप्पांचा कार्यक्रम मात्र वर्तमानपत्रासारखा, आज बघायचा आणि उद्या रद्दीत, असं धरलं गेलं.

‘दुसरी बाजू’ टिकला तो त्याच्या नशिबाने. तो आला तोवर रेकॉर्डिंग जपणं स्वस्त झालं होतं, आणि यूट्यूबही मदतीला होतं. काय आठवायचं ते प्रेक्षक ठरवतात असं आपण समजतो. पण त्याआधी कपाटातल्या जागेने आणि टेपच्या किमतीने ते ठरवून टाकलेलं असतं. तबस्सुम यांना कुणी विसरलं नव्हतं. उतारवयातही यूट्यूबवर ‘तबस्सुम टॉकीज’ या नावाने त्या जुने किस्से सांगत होत्या. पूर्वी जे कॅमेऱ्यासमोर घडलं होतं, त्यातलं काही पुन्हा तोंडी सांगावं लागत होतं.

आपलं सगळं आता सर्व्हरवर आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. हक्कांचा करार संपला की ओटीटीवरून कार्यक्रम एका रात्रीत गायब होतो, आणि आपल्याकडे त्याची साधी प्रतही नसते.

जुन्यातलं थोडं अजून हाती लागू शकतं. परदेशात काही हरवलेले कार्यक्रम लोकांच्या घरांतूनच परत मिळाले. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट अजून लोखंडी कपाटांत पडून आहेत. लग्न दोन तासांत संपायचं आणि उरलेल्या टेपवर कुणी हौसेने टीव्हीवरचं काहीतरी भरायचं. म्हणून कॅसेट डिजिटल करून घेताना दुकानदाराला सांगा, वरात संपली तरी थांबू नका, शेवटपर्यंत चालवा. आणि हे लवकर करा. कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते, आणि बुरशी धरलेली टेप मशीनमध्ये घातली की फाटू शकते.